आज रात्री सासूबाईंना सांगा

ताई, आम्ही इंदूरला रामबागेजवळ जुन्या घरात राहतो. मुलगा 24 वर्षांचा, घरूनच कंपनीचं काम करतो. आम्ही झोपलो की तो स्वयंपाकघरात लायटरच्या गॅसने गांजातून कसलं तरी तेल काढतो, हे मला चार महिन्यांपूर्वी कळलं. म्हणतो, ‘आई, धूर नाही, व्यसन नाही, अमेरिकेत चालतं.’ वास शेजारी जाऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतो, एक्झॉस्ट चालू ठेवतो, तेवढी काळजी घेतो. ह्यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील. त्यात मुलीच्या लग्नाची बोलणी चालली आहेत. सासूबाई पहाटे साडेचारला देवापाशी दिवा लावायला जातात, तेव्हा कसला तरी वास येतो म्हणतात. पण त्यांचं वय 79, मी विषय बदलते. मुलाचा विश्वास न तोडता त्याला कसं समजावू?
– एक आई

बाई, मुलाचं बाजूला ठेवा. तुमच्या सासूबाईंच्या हातात काडेपेटी असते, आणि तुम्ही विषय बदलता?

लायटरच्या डब्यातला गॅस म्हणजे ब्युटेन. तो हवेच्या दुप्पट जड असतो. वर जात नाही, फरशीवर पसरतो आणि ओट्याखाली, फ्रीजमागे, कोपऱ्यात साचून राहतो. एक लिटर द्रव ब्युटेनचा दोनशे लिटरहून जास्त वायू होतो, आणि हवेत तो दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला की एक ठिणगी पुरते. तुमचा एक्झॉस्ट भिंतीत वर छताशी असणार, म्हणजे गॅस खाली आणि पंखा वर. शिवाय साध्या पंख्याच्या मोटरमध्ये, बटणात, आपोआप चालू-बंद होणाऱ्या फ्रीजमध्येही ठिणगी उडू शकते. आणि खिडक्या लावून घेण्याला तुम्ही काळजी म्हणता! त्याला शेजाऱ्यांची भीती वाटते एवढाच त्याचा अर्थ.

आता जुन्या घरातलं देवघर डोळ्यांसमोर आणा. देव पाटावर मांडलेले, निरांजन फरशीपासून वीतभर उंचीवर. सासूबाई खाली बसतात, सुती पातळाचा पदर मांडीवर, आणि काडी ओढतात. गॅस साचलेला असला तर तो नेमका त्याच उंचीवर असणार.

त्यांना येतो तो वास गांजाचा. म्हणजे घरात एकच नाक जागेवर आहे, आणि त्याला तुम्ही म्हातारपणाचा भास ठरवून मोकळ्या झालात. पण त्या नाकावरही विसंबू नका. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. लायटरच्या शुद्ध केलेल्या गॅसला तो बहुधा नसतोच.

अमेरिकेचं म्हणाल, तर जिथे चालतं तिथे ते परवाना असलेल्या जागेत, बंद यंत्रणेत चालतं. कोलोरॅडोत 2014 पासून गांजाची दुकानं राजरोस उघडी आहेत. तरी लोक घरी गॅसने अर्क काढायला गेले, स्फोट झाले, माणसं भाजली, आणि 2015 मध्ये त्याच राज्याने घरातला हा उद्योग गुन्हा ठरवला. आपल्याकडे तर प्रश्नच नाही. उद्या तो भांगेच्या सरकारी दुकानाचं उदाहरण देईल, म्हणून सांगते: 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात नुसती पानं आणि बिया वगळल्या आहेत, हे तेल चरसमध्ये मोडतं. जाणूनबुजून आपल्या घरात ते होऊ देणाऱ्यालाही तोच कायदा लागतो. चार महिने जाणूनबुजून कोण आहे, ते तुम्ही स्वतःच लिहिलंय.

विश्वास वगैरे नंतर. आज रात्री जेवणं झाली की मुलाला सासूबाईंसमोर बसवा आणि त्यांना सगळं सांगा. यजमानांना आधी नको. ते ओरडतील, तो दार आपटून खोलीत जाईल, आणि पहाटे दिवा ठरल्या वेळी लागेल. आजीच्या तोंडावर त्याला ‘धूर नाही, व्यसन नाही’ म्हणू दे. तिने विचारलं, ‘अरे, मी दिवा लावते तेव्हा तो गॅस कुठे असतो?’ की बघू काय उत्तर देतो. यजमान आपोआप बाहेर येतील, त्यांना येऊ द्या.

डबे त्यानेच आज घराबाहेर काढायचे. भोक पाडून रिकामे करायचे नाहीत, गच्चीत उन्हात ठेवायचे नाहीत. सुक्या कचऱ्यात तर मुळीच टाकायचे नाहीत. कचरागाडीवरच्या पोराचे हात तरी का भाजावेत? आपल्या इंदुरात घातक कचऱ्याचा खाना वेगळा आहे, गाडीवाल्याला सांगून त्यात द्या. भरलेले असतील ते दुकानदाराला परत. आणि कधी जरा जरी शंका आली, तर दिवा नाही, शेगडी नाही, कुठलंही बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही. दारं-खिडक्या उघडून सगळ्यांनी अंगणात यायचं, मग 112 ला फोन. कुणी भाजलंच तर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी आणि थेट दवाखाना. हळद, टूथपेस्ट काही नको.

त्याला सोडायचं असेल आणि सुटत नसेल, तर 14446 ही सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. फोन त्याने करायचा, तुम्ही नाही.

मुलीच्या बैठकीचं काय करायचं ते पुढच्या पत्रात विचारा. आधी सासूबाईंशी बोला.