‘आमच्या आईवर प्रयोग करून राहिले का?’

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात दवाखान्यातल्या रिसर्चवर मी चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतके मेसेज आले की या वेळी बीपी-शुगरचे प्रश्न बाजूला ठेवलेत. ते पुढच्या अंकात नक्की घेते. नवीन वाचकांसाठी सांगते, मी बरीच वर्षं नर्स म्हणून वॉर्डात होते आणि नंतर रिसर्चच्या कामात, म्हणजे फॉर्म समजावून सांगणं, घरी जाऊन विचारपूस करणं, रक्ताचे सॅम्पल पोचवणं, हेच करत होते, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे.

प्रश्न : ताई, आमची आई शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात ऍडमिट होती. तिथं डॉक्टरांनी पाच-सहा पानांचा फॉर्म दिला, म्हणाले रिसर्च आहे, इच्छा असेल तर सही करा. मोठे भाऊ एकदम भडकले, की गरिबाच्या आईवर प्रयोग करून राहिले का म्हणून. आम्ही सही केली नाही. आता आई घरी आली तर म्हणते, मले तर विचाराचं होतं बाप्पा. आम्ही बरोबर केलं का? आणि सही नाही केली म्हणून पुढं ट्रीटमेंटमध्ये त्रास होईल का? (नंदनवन)

उत्तर : दादा, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण झोप त्यानंच उडाली असेल. नाही, काही त्रास होणार नाही. सही नाकारली म्हणून बेड, औषध, ओपीडीची तारीख यातलं काहीच कोणाला अडवता येत नाही, आणि सही करून मधेच नको वाटलं तरी कारण न सांगता बाहेर पडता येतं. हे कोणाचे उपकार नाहीत, २०१९ साली आपल्या देशात नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलचे, म्हणजे माणसांवर उपचार तपासून बघण्याचे, नियम आले त्यात हे स्पष्ट आहे आणि प्रत्येक फॉर्मवर ते छापावंच लागतं.

आता बरोबर की चूक. सही नाही केली यात काहीच चूक नाही. पण तुमच्या आई म्हणतात ना, मले विचाराचं होतं, ते अगदी खरं आहे. पेशंट शुद्धीवर आहे, बोलते आहे, समजते आहे, तर हो की नाही हे तिनं सांगायचं असतं, मुलानं नाही, भावानं नाही, डॉक्टरांनी तर नाहीच. लिहिता-वाचता येत नसेल तरीही. तेव्हा दवाखान्याशी किंवा त्या रिसर्चशी संबंध नसलेला एक साक्षीदार पूर्ण वेळ सोबत बसतो, सगळं त्यांच्या भाषेत वाचून दाखवतात आणि मग अंगठा घेतात. मी कितीतरी म्हाताऱ्या बायांना फॉर्म समजावून सांगितलाय, आणि सांगते, त्यांचे प्रश्न सगळ्यात नेमके असतात. रक्त किती काढाल, कितीदा काढाल, यायचं भाडं कोण देईन, माझा पोरगा नाही म्हणाला तर. घरचे लोक काळजीपोटी त्यांच्या जागी बोलतात हे मला कळतं, पण त्या बाईचं म्हणणं राहून जातं.

भावाचा राग मात्र मी उडवून लावणार नाही, त्याला कारण आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरपासून वाचवणारी, लस देण्याचा एक प्रकल्प झाला, त्यात कितीतरी आदिवासी मुलींच्या फॉर्मवर आईवडलांच्या ऐवजी होस्टेलच्या वॉर्डननं नाहीतर हेडमास्तरनं सही केलेली निघाली. त्यातल्या सात मुली वारल्या, मृत्यूचा लसीशी संबंध नाही असं चौकशीत ठरलं, पण आईबापाला न विचारता सुई टोचली हे खरंच होतं ना, आणि त्यावर संसदेच्या समितीनं २०१३ मध्ये कडक शब्दात लिहिलं. सुप्रीम कोर्टातही त्याच काळात ट्रायलवर केस चालू होती. आजचे नियम त्या सगळ्यातून आलेत.

आता कोणतीही ट्रायल सुरू व्हायच्या आधी एथिक्स कमिटीची, म्हणजे पेशंटचं हित बघणाऱ्या समितीची, मंजुरी लागते. कमिटीत कमीत कमी सात जण, निम्मे तरी त्या दवाखान्याच्या बाहेरचे, अध्यक्ष बाहेरचाच, एक कायद्याचा जाणकार, निदान एक बाई आणि एक अगदी साधा माणूस ज्याचा डॉक्टरकीशी संबंध नाही. हा साधा माणूस मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण फॉर्ममधलं वाक्य त्याला समजलं नाही तर ते पेशंटलाही समजणार नाही. ट्रायलमुळे पेशंटला इजा झाली तर उपचाराचा खर्च ट्रायल करणाऱ्यांनी करायचा, मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर भरपाई द्यायची, आणि गंभीर काही घडलं तर डॉक्टरांनी २४ तासात वर कळवायचं, असंही नियमात आहे.

आणि प्रत्येक रिसर्च म्हणजे नवीन औषध नसतं हो. बऱ्याच वेळा फक्त फाईलमधली माहिती हवी असते, नाहीतर एखादी जास्तीची रक्ततपासणी, किंवा दोन औषधं दोन्ही आधीपासून वापरात आहेत पण कोणतं बरं हे कोणालाच नक्की माहीत नाही, म्हणून चिठ्ठी टाकल्यासारखं निम्म्यांना एक आणि निम्म्यांना दुसरं देऊन बघतात. चिठ्ठी याच्यासाठी की डॉक्टरच्या मर्जीनं वाटलं तर ठणठणीत पेशंट एकीकडे जातील आणि खंगलेले दुसरीकडे, आणि मग औषधानं फरक पडला की तब्येतीनं हे कळायला मार्ग राहत नाही. तुमचा फॉर्म यातला कोणता होता हे त्यातच लिहिलेलं असतं.

प्रयोग म्हणाल तर २०२० चा कोरोना आठवा. आपल्या नागपुरात दर दहा मिनिटाला ग्रुपवर मेसेज, प्लाझ्मा पाहिजे, ओ पॉझिटिव्ह, अर्जंट. प्लाझ्मा म्हणजे कोरोनातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला पातळ भाग. माणसं रात्री दोन वाजता गाडी काढून रक्तपेढ्या पालथ्या घालत होती. महाराष्ट्र सरकारनं जूनमध्ये प्लॅटिना नावाची प्लाझ्माची मोठी ट्रायल जाहीर केली तिचं काम आपल्या मेडिकलमधूनच, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजमधून, चालायचं. त्याच वेळी आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेनं देशातल्या ३९ दवाखान्यांत ४६४ पेशंट घेऊन एप्रिल ते जुलै २०२० मध्ये ट्रायल केली, निम्म्यांना नेहमीच्या उपचारासोबत प्लाझ्मा आणि निम्म्यांना प्लाझ्माशिवाय. २८ दिवसात आजार गंभीर झाला किंवा पेशंट गेला असे प्लाझ्मावाल्यांत १९ टक्के आणि बाकीच्यांत १८ टक्के, म्हणजे फरक काहीच नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये हे छापून आलं. तरी २०२१ च्या एप्रिलमध्ये, जेव्हा बेड मिळत नव्हते, ऑक्सिजन मिळत नव्हता, तेव्हाही लोक प्लाझ्मासाठी पळतच होते आणि मे महिन्यात कुठं तो उपचारांच्या सरकारी यादीतून काढला. त्या पळण्यात गेलेला वेळ आणि पैसा कोणाच्याच फॉर्मवर लिहिलेला नाही, त्याची परवानगी कोणी घेतली नाही.

उलट डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, किती स्वस्त औषध आहे ते, ब्रिटनमधल्या रिकव्हरी ट्रायलनं जून २०२० मध्ये दाखवलं की व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू त्यानं साधारण एक तृतीयांशानं कमी होतात. पण त्याच ट्रायलनं हेही सांगितलं होतं की ज्याला ऑक्सिजन लागत नाही त्याला फायदा नाही, आणि तेवढं वाक्य आपण ऐकलं नाही, लोकांनी घरीच पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड घेतलं, शुगर वाढल्या, आणि मग काळ्या बुरशीचे पेशंट आले ते आपण सगळ्यांनी पाहिले. म्हणून मला कळकळीनं वाटतं की विचारून, लिहून, मोजून केलेल्या कामाची भीती कमी बाळगा आणि न तपासलेलं औषध कोणी छातीठोकपणे देत असेल तर त्याची जास्त.

प्रश्न : सुनेला पहिल्यांदाच दिवस गेले आहेत, तिसरा महिना लागला. डॉक्टर मॅडमनी एस्पिरिनची छोटी गोळी रोज घ्यायला सांगितली. एस्पिरिन तर हार्टवाल्यांची गोळी ना? शेजारीण म्हणते गरोदरपणात देतच नाहीत. (काटोल रोड)

उत्तर : काकू, शेजारणीचं ऐकून बंद करू नका, मॅडमना विचारा. मोठ्या डोसमध्ये एस्पिरिन गरोदरपणात टाळतात ते बरोबर आहे, पण कमी डोसची गोष्ट वेगळी. ज्यांना बीपी वाढून झटके यायचा धोका जास्त आहे अशा गरोदर बायांना ७५ मिलिग्रॅमची गोळी सुरुवातीच्या महिन्यांत सुरू करा असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

आणि यातला एक मोठा अभ्यास आपल्याकडेच झालाय हे फार कमी लोकांना माहीत आहे. भारत, पाकिस्तान, केनिया, झांबिया, काँगो आणि ग्वाटेमाला अशा सहा देशांत मिळून ११,९७६ पहिलटकरणींवर ट्रायल झाली, भारतातल्या दोन जागा म्हणजे बेळगाव आणि नागपूर, इथलं काम लता मेडिकल रिसर्च फाउंडेशननं केलं. निम्म्यांना सहाव्या ते चौदाव्या आठवड्याच्या मधे ८१ मिलिग्रॅम एस्पिरिन सुरू केली, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि कोणाला कोणती हे ना बाईला माहीत ना डॉक्टरला. २०२० मध्ये निकाल आला. ३७ आठवड्यांच्या आधी बाळंतपण झालेल्या एस्पिरिनवाल्या ११.६ टक्के, दुसऱ्या १३.१ टक्के. बातमीत हेच ‘११ टक्के घट’ असं येतं आणि वाटतं शंभरातल्या अकरा जणी वाचल्या, तसं नाही, हजार जणींनी गोळी घेतली तर साधारण पंधरा बाळं वेळेआधी यायची वाचली. पंधरा कमी वाटतात का? आपल्या डागा किंवा मेयो दवाखान्यात वर्षाला किती बाळंतपणं होतात ते डोळ्यासमोर आणा, आणि गोळी किती स्वस्त आहे तेही. सुनेला दमा, ऍसिडिटीचा अल्सर किंवा रक्तस्रावाचा काही त्रास असेल तर तेवढं मॅडमना आवर्जून सांगा.

प्रश्न : मी आशा सेविका आहे. दरवर्षी नवीन सर्वे, नवीन फॉर्म, आता मोबाईलवर पण भरायचं. वजन घ्या, खोकला विचारा, थुंकी पाठवा. गावातले लोक म्हणतात, ताई तुम्ही लिहून नेता अन् आम्हाले काय भेटते? मला उत्तर देता येत नाही. (कुही तालुका)

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न वाचून मी बराच वेळ बसून राहिले, कारण गावाचं म्हणणं खरं आहे. माहिती नेली तर ती परत येऊन सांगितलीच पाहिजे, आणि ते होत नाही. तुमच्या वरच्या लोकांना मी हे इथं जाहीर सांगते, सर्वेचा निकाल एका पानावर मराठीत छापून ग्रामसभेत वाचून दाखवायला फार खर्च येत नाही.

पण तुमच्या लिहिण्यातून काय होतं याची दोन उदाहरणं देते, गावात नक्की सांगा. पहिलं आपल्या विदर्भातल्याच गडचिरोलीचं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायांना बाळाचं वजन घ्यायला, श्वास मोजायला, ऊब द्यायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं, आणि बाजूची ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये ते लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं. मोठ्या मोठ्या लोकांना तोवर वाटायचं की खेड्यातली चार बुकं शिकलेली बाई हे करूच शकत नाही. आज तुम्ही बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाता, बाळ उघडून पाहता, वजन लिहिता, ते काम देशभर सुरू झालं त्याच्या मुळाशी त्या बायांनी भरलेल्या वह्या आहेत.

दुसरं टीबीचं. झारखंडच्या चार जिल्ह्यांत राशन्स नावाचा अभ्यास झाला, २०२३ मध्ये निकाल आला. २,८०० पेशंट आणि त्यांच्या घरातले १०,३४५ जण. पेशंटला सगळीकडेच महिन्याला दहा किलोचं राशन दिलं, तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल, पण निम्म्या भागात घरातल्या बाकीच्यांनाही माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. जिथं घरच्यांनाही मिळालं तिथं त्यांच्यात नवीन टीबी साधारण ३९ टक्क्यांनी कमी झाला. नवीन लस नाही, मशीन नाही, डाळ-तांदूळ! आणि हे कळलं कसं, तर तुमच्यासारख्या कोणीतरी महिनोन्महिने घरोघरी जाऊन वजन घेतलं आणि खोकला विचारला म्हणून. ज्या पेशंटचं पहिल्या दोन महिन्यात वजन वाढलं त्यांच्यात मृत्यू कमी झाले हेही त्याच वजनाच्या आकड्यांतून निघालं, म्हणून काटा नीट सेट करून वजन घ्या, अंदाजे लिहू नका, कितीही थकवा आला तरी. त्यानंतर नोव्हेंबर २०२४ पासून टीबी पेशंटला पोषणासाठी मिळणारे महिन्याचे ५०० रुपये १००० झाले, आणि निक्षय मित्रांकडून, म्हणजे टीबी पेशंटला मदत करायला स्वतःहून पुढं आलेल्या लोकांकडून आणि संस्थांकडून, मिळणारी पोषणाची मदत पेशंटच्या घरच्यांनाही लागू केली. गावात कोणाच्या खात्यात जमा होत नसतील तर आधी बँक खातं आणि आधार जोडलंय का ते बघा, आणि टीबी सुपरवायझरच्या मागे लागा.

प्रश्न : मी बीएस्सीला आहे, एका मित्रानं ‘निरोगी मुलांना औषध चाचणीचे पैसे’ असा मेसेज पाठवला. खरं असतं का हे? तपासायचं कसं? (हिंगणा)

उत्तर : असे अभ्यास असतात, कायदेशीरही असतात, निरोगी माणसात गोळी रक्तात किती उतरते ते बघतात आणि वेळेचे पैसे देतात. पण त्यालाही एथिक्स कमिटी लागतेच. मेसेजवर कमिटीचं नाव नाही, कंपनीचं नाव नाही, फक्त मोबाईल नंबर आणि रक्कम, तर जाऊ नको. आणि पैशासाठी एकामागून एक दोन-तीन ठिकाणी नाव लपवून जाणारी पोरं असतात, ते फार धोक्याचं आहे, आधीचं औषध अंगात असताना दुसरं घेतलं तर काय होईल हे डॉक्टरलाही सांगता येणार नाही, म्हणून मधे ठरलेलं अंतर ठेवतात.

पेशंटवरच्या ट्रायल तपासायच्या तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया म्हणजे सीटीआरआय नावाची सरकारी वेबसाईट आहे, २००७ पासून, आणि जून २००९ पासून औषधाची ट्रायल तिथं नोंदवल्याशिवाय सुरू करता येत नाही. कोणालाही फुकट पाहता येते. शहराच्या किंवा आजाराच्या नावानं शोध, नागपूरच्या कितीतरी सापडतील. फॉर्मवर सीटीआरआय नंबर असेल तर तो टाकून बघ, दवाखान्याचं आणि डॉक्टरचं नाव जुळलं पाहिजे.

नंदनवनच्या दादांसाठी पण हे शेवटचं, पुन्हा कधी फॉर्म आला तर एक प्रत घरी मागून घ्या, ती देणं बंधनकारक आहे. त्यावर दोन फोन नंबर असतात, एक ट्रायलच्या डॉक्टरांचा आणि एक एथिक्स कमिटीचा. दोन्ही आईच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून द्या, फक्त तुमच्या नाही.