गुडघा, पाळी, झोप : खेळाडू मुलांच्या पालकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा आहे. शाळेच्या संघातून फुटबॉल खेळतो आणि क्लबमधूनही. दोन महिने गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय, तिथे हाडाचा उंचवटा हाताला लागतो. प्रशिक्षक म्हणतात, वाढीचं वय आहे, चालायचंच. खेळ बंद करावा का?

वर्णनावरून हे ऑसगूड-श्लॅटर नावाचं दुखणं असावं. खात्री मात्र डॉक्टरांनी तपासूनच होईल. मांडीचा पुढचा स्नायू वाटीवरून खाली येऊन नडगीच्या हाडाला चिकटतो. त्या जागी या वयात पक्कं हाड नसतं, मऊ कूर्चा असते. धावताना, उडी मारताना, किक मारताना स्नायू नेमका तिथेच ओढ देतो. उंची भराभर वाढत असली की हाड पुढे जातं, स्नायू मागे पडून ताठ राहतो आणि ओढ आणखी वाढते. वाढीचं वय हे कारण बरोबर आहे. ‘चालायचंच’ हा निष्कर्ष चुकीचा आहे.

खेळ पूर्ण बंद करावा लागतोच असं नाही, भार कमी करावा लागतो. त्यासाठी एका कागदावर सात दिवसांचं सगळं मांडा : शाळेचा सराव, क्लबचा सराव, सामने, खेळाचा तास, संध्याकाळी मित्रांबरोबरची पळापळ. शाळेच्या प्रशिक्षकांना शाळेपुरतं दिसतं, क्लबच्या प्रशिक्षकांना क्लबपुरतं. पूर्ण आठवडा फक्त तुम्हाला दिसतो, म्हणून ही मोजदाद तुम्हीच करायची. ढोबळ मर्यादा अशी : संघटित सरावाचे आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापुढे जाऊ नयेत, म्हणजे तुमच्याकडे १३. आठवड्यात किमान एक दिवस पूर्ण सुट्टी. वर्षात एकूण तीन महिने त्या खेळापासून विश्रांती, एकेक महिन्याच्या तुकड्यांत घेतली तरी चालते. कागद दोन्ही प्रशिक्षकांना दाखवा. कपात करताना आधी उड्या, जोरदार किक आणि वेगाच्या धावा काढा. पासिंगचा सराव चालू राहू शकतो.

दुखणं शून्य ते दहात मोजायला शिकवा. तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळी शमत असेल तर खेळू द्या. मुलगा लंगडू लागला की त्या दिवसाचा खेळ तिथेच थांबला. सरावानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटं ठेवा. सामन्याआधी वेदनाशामक गोळी देऊन मैदानात उतरवू नका, कारण थांबायचा इशाराच मग कळत नाही.

झोपेतून उठवणारं दुखणं, सुजलेला किंवा अडकणारा सांधा, ताप, सतत लंगडणं, यांपैकी काहीही दिसलं तर वाट पाहू नका. लंगडणाऱ्या मुलाचा खुबाही तपासायला सांगा. या वयात खुब्याच्या हाडाचं डोकं सरकलं तरी दुखतो तो गुडघा, आणि गुडघ्याच्या एक्स-रेत काहीच सापडत नाही.

प्रश्न : पंधरा वर्षांची मुलगी लांब पल्ल्याचं धावते. वजन उतरल्यापासून वेळ सुधारली, पण चार महिने पाळी नाही. संघातल्या मोठ्या मुली म्हणतात, सराव जास्त असला की असं होतंच.

असं अनेकींचं होतं, पण ते निरोगीपणाचं लक्षण नाही. सलग तीन महिने पाळी आली नाही, किंवा पंधरा वर्षं उलटूनही पहिली पाळी आली नाही, तर डॉक्टरांकडे जायचंच. सरावात खर्च होणाऱ्या ऊर्जेइतकं अन्न पोटात जात नसेल तर शरीर काटकसर सुरू करतं आणि पहिली कात्री संप्रेरकांना लागते. इस्ट्रोजेन घटलं की हाडं भरत नाहीत, आणि हाडांची बहुतेक भरणी याच वयात होते. वेळ सुधारली ती वजन हलकं झाल्याने. ही सुधारणा टिकत नाही. पुढे थकवा येतो, वेळ घसरते, पायाच्या हाडांना बारीक तडे जातात. मुलग्यांनाही हे होतं, फक्त त्यांच्यात पाळीसारखी ठळक खूण नसते, म्हणून ते उशिरा लक्षात येतं.

डॉक्टरांना सराव आणि आहार दोन्ही सविस्तर सांगा. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला सांगा. हिमोग्लोबिन ठीक असूनही हा साठा रिकामा असू शकतो. नुसत्या गर्भनिरोधक गोळ्यांनी दर महिन्याला रक्तस्राव होईल, मूळ तूट तशीच राहील. उपाय म्हणजे जास्त खाणं आणि काही काळ कमी धावणं. सकाळच्या सरावाला उपाशी पाठवू नका आणि सराव संपल्यावर तासाभरात पोटभर खायला द्या. घरातलं वजनाचं बोलणं आजपासून थांबवा, कौतुकाचंसुद्धा.

प्रश्न : मुलगा सोळाचा, जलतरणपटू. अभ्यास रात्री साडेअकरापर्यंत, उठणं पावणेपाचला. परीक्षा जवळ आली. काय कमी करावं?

झोप सोडून काहीही. १३ ते १८ वयात ८ ते १० तास लागतात. त्याला सव्वापाच मिळतात. शालेय खेळाडूंच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ तासांहून कमी झोपणाऱ्यांना दुखापतीची शक्यता १.७ पट आढळली. परीक्षेच्या तारखा प्रशिक्षकांना तीन-चार आठवडे आधी लेखी द्या आणि त्या काळात सकाळची निदान दोन सत्रं सोडवून घ्या. दुपारी २०-३० मिनिटांची डुलकी चालेल, चारनंतर नको. सुट्टीच्या दिवशी एक-दीड तास उशिरा उठू द्या. दुपारपर्यंत झोपला तर त्या रात्री झोप लागणार नाही.

प्रश्न : सामना हरल्यावर घरी येताना काय बोलावं?

त्या वाटेवर सामन्याबद्दल काहीच नाही. पाणी, खाणं, कुठे लागलं का, एवढं पुरे. मुलाने स्वतः विषय काढला तर ऐका. तंत्रातल्या चुका सांगणं प्रशिक्षकांचं काम आहे. सामना चालू असतानाही कडेवरून सूचना देऊ नका. दोन दिशांनी दोन आवाज आले की पोराचा निर्णय एक क्षण उशिरा होतो, आणि चेंडू तेवढ्यात जातो.

प्रश्न : मुलगी वरच्या पातळीवर खेळते, तिथे उत्तेजक चाचणी होऊ शकते. सर्दीचं औषध चालतं का?

घटक बघितल्याशिवाय नाही. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. लघवीत ते ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडलं तर स्पर्धाकाळात तो नियमभंग ठरतो. दम्याच्या काही औषधांनाही मात्रेची मर्यादा आहे. बंदी असलेल्या पदार्थांची जागतिक यादी दर १ जानेवारीला नव्याने लागू होते, तेव्हा मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते, म्हणून डॉक्टरांना ती स्पर्धक आहे हे आधी सांगा आणि औषध गरजेचंच असेल तर उपचारासाठीची सवलत वेळेत मागा. प्रथिनांच्या भुकट्यांमध्ये छापील यादीबाहेरचे पदार्थ मिसळलेले सापडले आहेत. त्या टाळलेल्या बऱ्या. प्रत्येक औषधाची तारीख, मात्रा आणि वेष्टनाचा फोटो जपून ठेवा.