‘ट्रस्ट’, ‘खासगी’ आणि ‘बॅरिस्टर’: एका परिचयातील शब्दांविषयी

लंडनमध्ये बॅरिस्टर असलेल्या आपल्या भाचीचा परिचय मंडळाच्या स्मरणिकेसाठी मराठीत लिहायला घेतलेल्या एका वाचकांनी प्रश्न विचारला आहे. मूळ इंग्रजी परिचयात ती ‘ट्रस्ट, प्रायव्हेट वेल्थ आणि कमर्शियल डिस्प्यूट्स’ या क्षेत्रांत काम करते, असे म्हटले आहे. त्यांनी त्याचे भाषांतर ‘न्यास, खाजगी संपत्ती व वाणिज्यिक विवाद या विषयांतील अधिवक्ता’ असे केले असून ते योग्य आहे का, असे ते विचारतात. कोश उघडून पाहिले तर यातल्या एकाही शब्दाला चूक म्हणता येणार नाही. तरीही हे वाक्य वाचून मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर देवस्थानांची आणि शिक्षणसंस्थांची प्रकरणे चालवणारी वकील उभी राहील, आणि इंग्लंडच्या चॅन्सरी शाखेतील, म्हणजे मालमत्ता, ट्रस्ट, वारसा अशी प्रकरणे पाहणाऱ्या शाखेतील, बॅरिस्टरचे काम त्याहून फार वेगळे असते.

अडचणीचे मूळ ‘ट्रस्ट’ या शब्दात आहे. मराठीत हा शब्द इतका रुळला आहे की तो परका वाटत नाही, पण रुळताना त्याचा अर्थ एका बाजूला कलला. आपल्याकडे ट्रस्ट म्हणजे संस्था. ‘ट्रस्टने ठराव केला’, ‘ट्रस्टने जमीन घेतली’, ‘तो ट्रस्टमध्ये नोकरीला आहे’ असे आपण सहज म्हणतो. धर्मादाय आयुक्त, सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालय, वर्तमानपत्रांत येणाऱ्या विश्वस्त बदलाच्या नोटिसा, हे सगळे सार्वजनिक ट्रस्टचे जग आहे, आणि महाराष्ट्रात ते १९५० च्या कायद्याने बांधलेले आहे. इंग्लंडमधल्या खासगी ट्रस्टला मात्र संस्थेसारखे स्वतंत्र अस्तित्वच नसते. त्याच्या नावाने दावा लावता येत नाही, त्याच्यावरही लावता येत नाही. जे काही करायचे ते विश्वस्ताने स्वतःच्या नावाने करायचे असते. एक माणूस आपली मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर करून देतो. तो दुसरा कायद्याच्या दृष्टीने खरोखर मालक होतो, पण त्या मालकीचा उपभोग त्याने स्वतःसाठी न घेता तिसऱ्या कोणासाठी घ्यायचा, अशा बंधनाने बांधला जातो. या बंधनालाच ट्रस्ट म्हणतात. १८८२ च्या भारतीय ट्रस्ट कायद्याच्या तिसऱ्या कलमातील व्याख्याही हेच सांगते: मालमत्तेच्या मालकीला जोडलेले, मालकावर टाकलेल्या व त्याने स्वीकारलेल्या विश्वासातून निर्माण झालेले बंधन. या कायद्याने धार्मिक व धर्मादाय देणग्यांना आरंभीच बाजूला ठेवले आहे, म्हणजे ज्या ट्रस्टशी मराठी वाचकाचा रोजचा परिचय आहे तो ट्रस्ट या कायद्याच्या कक्षेत येतच नाही.

आता पर्यायी शब्दांकडे वळू. मराठीत दोन शब्द शेजारी शेजारी नांदत आहेत. मुंबईत ‘श्री सिद्धिविनायक गणपती मंदिर न्यास’ आहे, तर शिर्डीला ‘श्री साईबाबा संस्थान विश्वस्तव्यवस्था’. १९५० च्या कायद्याच्या मराठी नावातही ‘सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था’ असाच शब्द आहे, पण त्याच कायद्याखाली चालणारे कार्यालय मात्र ‘न्यास नोंदणी’चे आहे. सार्वजनिक संस्थांच्या नावांपुरता हा भेद महत्त्वाचा नाही. खासगी ट्रस्टच्या बाबतीत तो महत्त्वाचा ठरतो, असे माझे मत आहे.

‘न्यास’ हा शब्द जुना आहे आणि त्याला स्वतःचा नेमका अर्थ आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत ठेवींचे प्रकार सांगताना ‘याचितान्वाहितन्यासनिक्षेपादिष्वयं विधिः’ असे म्हटले आहे, म्हणजे तिथे न्यास हा निक्षेप या दुसऱ्या प्रकारच्या ठेवीच्या पंगतीला बसतो. घराचा धनी घरी नसताना त्याला देण्यासाठी म्हणून घरच्या माणसांच्या हाती ठेवलेली वस्तू म्हणजे न्यास, असा त्याचा अर्थ विज्ञानेश्वराने मिताक्षरा या त्या स्मृतीवरील टीकेत दिला आहे. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात मुलीला सासरी पाठवल्यावर कण्व म्हणतात की त्यांचा अंतरात्मा ‘प्रत्यर्पितन्यास इव’ प्रसन्न झाला आहे. दुसऱ्याची ठेव ज्याची त्याला परत केल्यावर जे हलके वाटते, ते हे. या तिन्ही ठिकाणी न्यासाचे मर्म एकच आहे: वस्तू दुसऱ्याची, माझ्याकडे फक्त सांभाळायला, आणि कधीतरी ज्याची त्याला परत द्यायची. ठेवणारा मालकच राहतो. इंग्लिश ट्रस्टमध्ये नेमके उलटे घडते. तिथे मालकी विश्वस्ताकडे जाते, देणाऱ्याकडे मालमत्ता परत येण्याचा प्रश्नच बहुधा उरत नाही, आणि तिचा लाभ ज्यांना मिळायचा ते कधी कधी अजून जन्मलेलेही नसतात. म्हणून ‘न्यास’ हा सुंदर शब्द इथे अर्थाला पुरत नाही. ‘विश्वस्तव्यवस्था’ उच्चारायला लांब आहे खरा, पण कोणावर तरी विश्वास टाकून लावून दिलेली व्यवस्था हा त्याचा उघड अर्थ मूळ कल्पनेच्या अगदी जवळ जातो. शिवाय ‘संस्था’ हा अर्थ त्याला अजून पूर्णपणे चिकटलेला नाही.

मालकी आणि लाभ यांची ही फारकत न्यायालयात कशी दिसते, याचे एक उदाहरण विचारणाऱ्यांना उपयोगी पडेल. रिचर्ड राइट नावाच्या गृहस्थाने ईस्ट इंडिया कंपनीचे रोखे विश्वस्तांकडे ठेवले, आणि त्यांचे व्याज साठवत जाऊन डॅनियल व्होटिए पंचवीस वर्षांचा झाल्यावर सगळे त्याला द्यावे, असे मृत्युपत्रात लिहिले. एकविसाव्या वर्षी सज्ञान होताच डॅनियलने रोखे मागितले, आणि १८४१ साली न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. लाभ सर्वस्वी एकट्याचाच असेल आणि तो सज्ञान असेल, तर देणाऱ्याने घातलेली मुदत त्याला रोखू शकत नाही, हा नियम तेव्हापासून सॉण्डर्स विरुद्ध व्होटिए या नावाने ओळखला जातो, आणि आजही चॅन्सरीत काम करणाऱ्या बॅरिस्टरला तो पदोपदी लागतो. अशा दाव्याला ‘न्यासाचा दावा’ म्हटले तर मराठी वाचक देवळाकडे वळेल. ‘विश्वस्तव्यवस्थेविषयीचा दावा’ म्हटले तर निदान तो थांबून विचार करील.

‘प्रायव्हेट वेल्थ’साठी ‘खाजगी संपत्ती’ हा शब्द विचारणाऱ्यांना फिका वाटला, आणि त्यांचा कान बरोबर आहे. ‘खाजगी संपत्ती’ ऐकले की आपल्याला समाजवादावरच्या जुन्या वादविवादांची आठवण होते. सरकारी विरुद्ध खाजगी असा तो विरोध आहे. इंग्लिश बारमध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या व्यवसायात, मात्र हा शब्द श्रीमंत कुटुंबांच्या मालमत्तेची व्यवस्था, मृत्युपत्रे, वारसा, कर, आणि जर्सी, गर्न्सी किंवा केमनसारख्या बेटांवर ठेवलेल्या विश्वस्तव्यवस्था या सगळ्यांसाठी एकत्र वापरला जातो.

तरीही ‘खासगी’ हा शब्द टाकून देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण मराठी राज्यकारभारात त्याला अगदी हाच अर्थ होता. होळकरांच्या घराण्यात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ हे दोन वेगळे हिशेब होते: दौलत म्हणजे राज्याचे उत्पन्न, खासगी म्हणजे राजघराण्यातल्या स्त्रीच्या स्वाधीन असलेली मालमत्ता. पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगी जहागीर दिली, आणि पुढे ती अहिल्याबाईंच्या हाती आली. स्वातंत्र्यानंतर १९६२ साली त्या परंपरेतील देवस्थाने व घाट यांच्यासाठी इंदूरला जो ट्रस्ट झाला त्याचे नावच ‘खासगी ट्रस्ट’ आहे, आणि तो सार्वजनिक ट्रस्ट असून मध्य प्रदेशच्या कायद्याखाली येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला. एका घराण्याची मालमत्ता कुठपर्यंत खासगी आणि कुठून सार्वजनिक, हा प्रश्न मराठी शब्दाच्या पोटातच कसा दडला आहे, ते या प्रकरणात स्पष्ट दिसते. तेव्हा ‘खासगी’ ठेवावा, पण त्याला त्याचे घराणे परत द्यावे: ‘घराण्यांची खासगी मालमत्ता’. ‘संपत्ती’पेक्षा ‘मालमत्ता’ बरा, कारण वाटणी, वारसा, हक्क हे शब्द मराठीत मालमत्तेशी अधिक सहज जोडले जातात.

या क्षेत्रातील स्त्री वकिलाविषयी लिहायचे असेल तर नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची आठवण होणे साहजिक आहे. १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देऊनही स्त्री म्हणून त्यांना वकिलीचा दरवाजा बंद होता. १९०४ पासून त्यांनी बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्स या सरकारी खात्याच्या वतीने पडद्यातल्या जमीनदार स्त्रियांच्या आणि अज्ञान वारसांच्या मालमत्तेचे काम पाहिले, आणि १९२३ साली, सत्तावन्नाव्या वर्षाच्या आसपास, त्या लिंकन्स इन या लंडनमधील बॅरिस्टरांच्या संस्थेतून बॅरिस्टर झाल्या. ज्याला आज ‘प्रायव्हेट वेल्थ’ म्हणतात ते काम त्यांनी सनद मिळण्याच्या कितीतरी आधी केले होते.

‘कमर्शियल डिस्प्यूट्स’विषयी फार लिहिण्यासारखे नाही. ‘वाणिज्यिक विवाद’ शासकीय आहे, पण बोलण्यात कोणी वापरत नाही. ‘व्यापारी वाद’ म्हटले तर ‘वाद’चा अर्थ चर्चा, मतभेद की दावा हे कळत नाही. ‘तंटा’ हा शब्द तंटामुक्त गाव मोहिमेमुळे बांधावरच्या भांडणाकडे झुकला आहे, तरी ‘व्यापारी तंटे’ या जोडीत तो स्पष्ट आणि सुटसुटीत वाटतो, आणि न्यायालयाबाहेर लवादापुढे चालणारी प्रकरणेही त्यात मावतात. ही तीन क्षेत्रे एकाच बॅरिस्टरकडे का येतात, हे मात्र परिचय लिहिणाऱ्याने समजून घ्यावे. बार्टलेट विरुद्ध बार्कलेज बँक ट्रस्ट कंपनी या १९८० च्या निकालात एका कुटुंबाच्या कंपनीचे ९९.८ टक्के भाग विश्वस्त म्हणून एका बँकेच्या कंपनीकडे होते. संचालकांनी धोक्याच्या बांधकाम व्यवहारांत पैसा घातला, विश्वस्ताने चौकशी केली नाही, नुकसान झाले, आणि ते भरून देण्याची जबाबदारी न्यायालयाने विश्वस्तावर टाकली. हा दावा कुटुंबाचा, विश्वस्तव्यवस्थेचा की व्यापाराचा, असे विचारले तर तिन्हींचा, असेच उत्तर द्यावे लागेल.

राहिला ‘अधिवक्ता’. तो इथे नको. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टने भारतात वकिलांचा एकच वर्ग केला आणि ‘अधिवक्ता’ त्या एका वर्गाचे नाव आहे. इंग्लंडमध्ये आजही अशिलाचे काम हाती घेणारा सॉलिसिटर वेगळा आणि न्यायालयात बाजू मांडणारा बॅरिस्टर वेगळा, म्हणून ‘बॅरिस्टर’ हाच शब्द ठेवावा. बॅ. नाथ पै, बॅ. अंतुले अशी नावे लिहिताना मराठीने त्याला ‘डॉ.’सारखी उपाधी करून टाकले, त्यामुळे तो धंद्याऐवजी मानाचा शब्द वाटतो, एवढेच लक्षात ठेवावे. त्याच कारणाने ‘तिने या प्रकरणात वकीलपत्र घेतले’ असेही लिहू नये. वकीलपत्र अशील देतो, तर बॅरिस्टरकडे काम सहसा सॉलिसिटर सोपवतो. ‘सॉलिसिटरांनी तिच्याकडे ब्रीफ दिले’ असे लिहिले की पुरे. बॅरिस्टर म्हणून स्वतंत्रपणे काम सुरू करण्यापूर्वीच्या वर्षभराच्या शिक्षणासाठी आपल्याकडे ‘उमेदवारी’ हा नेमका शब्द आहे. मात्र ‘टेक सिल्क’ (वरिष्ठ बॅरिस्टर म्हणून नेमणूक होणे) याचे ‘रेशीम घेतले’ असे शब्दशः भाषांतर कोणी करू नये. त्याऐवजी ‘किंग्ज कौन्सेल म्हणून नेमणूक झाली’ असे लिहावे. २०२२ च्या सप्टेंबरपूर्वीची नेमणूक असेल तर ती क्वीन्स कौन्सेलची.

बॅरिस्टर आणि विश्वस्तव्यवस्था यांचा भारतीय संबंध स्मरणिकेत एखाद्या ओळीत द्यायचा असल्यास ज्ञानेंद्रमोहन टागोर यांचा द्यावा. १८६२ साली लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झालेले ते पहिले भारतीय. ख्रिस्ती झाल्यामुळे वडील प्रसन्नकुमार टागोर यांनी मृत्युपत्रात त्यांना वगळले आणि मालमत्ता विश्वस्तांमार्फत पुतण्या जतींद्रमोहन व त्याच्या पुढच्या पिढ्यांना दिली. १८७२ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या अंतिम अपील न्यायालयाने, निर्णय दिला की हिंदू कायद्याने जन्मालाच न आलेल्या माणसाला थेट देणगी देता येत नाही, आणि जे थेट देता येत नाही ते विश्वस्त मध्ये घालूनही देता येणार नाही. त्यामुळे जतींद्रमोहनचा हयातीपुरता हक्क टिकला, पण त्यानंतरची मालमत्ता वारस म्हणून ज्ञानेंद्रमोहनकडे जायची ठरली.

एकूण वाक्य असे करता येईल: ‘इंग्लंडच्या बारमधील चॅन्सरी शाखेची बॅरिस्टर, विश्वस्तव्यवस्था, घराण्यांची खासगी मालमत्ता आणि व्यापारी तंटे यांविषयीचे दावे ती चालवते.’ परिचयात पुढे कुठे ‘बेनिफिशियरी’ आला तर ‘लाभार्थी’ लिहिताना जपावे, कारण आज तो शब्द सरकारी योजनेच्या यादीतला झाला आहे. कायद्याच्या पुस्तकी भाषेतला ‘हिताधिकारी’ किंवा साधे ‘ज्यांच्यासाठी व्यवस्था केली ते’ हे दोन्ही चालतील. ‘महिला बॅरिस्टर’ म्हणण्याचेही कारण नाही. ‘चालवते’ या क्रियापदातून ते मराठीत आपोआप कळते.