दारूखाना वेगळा, शिलेखाना वेगळा

प्रश्न : आजोबा बेळगावच्या किल्ल्यात फिरवताना दारूखाना, शिलेखाना असं काहीबाही सांगायचे. दोन्ही एकच का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : नाही हो, एकच नाही आणि मुद्दामच नाही! शिलेखाना म्हणजे हत्यारांचं कोठार, शब्द अरबी सिलाह म्हणजे शस्त्र यावरून आलाय, तिथं तलवारी, भाले, बंदुका. दारू म्हणजे इथं तोफेची बारूद, सोरा (एक क्षार) साधारण 75 टक्के आणि बाकी कोळसा नि गंधक, आणि तिचे वैरी दोन, ओल आणि ठिणगी. म्हणून दारूकोठाराच्या भिंती जाड, वर दगडी कमान, वारा खेळायला झरोके पण ते वाकडे, ठिणगी सरळ आत जाऊ नये म्हणून, इंग्रजांच्या कोठारात तर आत लोखंड नेऊच द्यायचे नाहीत, तांब्यापितळेची अवजारं वापरायचे. शक्यतो वस्तीपासून लांब बांधायचे, कारण एक चूक झाली की सगळंच जायचं. मुंबईच्या दारूखान्याचं नाव पण ह्यातनंच आलंय बघा.

आपला किल्ला रट्ट राजघराण्याच्या काळातला, आतली कमल बस्ती म्हणजे जैन मंदिर 1204 चं. 1818 मध्ये इंग्रज सेनापती मन्रोनं वेढा घातला तेव्हा आतल्या लोकांनी जवळजवळ 21 दिवस दम धरला, आणि आतली दारू कोरडी असल्याशिवाय एवढे दिवस तोफा चालत नाहीत. आजोबांनी दाखवलेल्या जागा एकदा परत जाऊन बघा, जमलं तर लिहून ठेवा, मला खरंच वाटतं हे जपायला हवं.