रजईवरील भरतकामासाठी कापडाची पूर्वतयारी

प्रश्न : रजईसाठी कापलेल्या सुती चौकोनांवर मी हाताने भरतकाम केले, परंतु ते पूर्ण होईपर्यंत चौकोन लहान-मोठे आणि तिरके झाले, शिवाय फिकट कापडातून मागचे दोरे दिसू लागले. पुढच्या वेळी कापड आधी धुवावे का? आणखी कोणती तयारी करावी?

उत्तर : चौकोन बिघडण्याचे मुख्य कारण म्हणजे ते आधीच मापात कापणे. प्रत्येक टाका कापडाला किंचित आत ओढतो आणि दाट भरलेल्या जागी ही ओढ वाढते. म्हणून चारही बाजूंना सुमारे दोन इंच जास्त कापड ठेवून भरतकाम पूर्ण करावे आणि नंतरच, नक्षी मध्यभागी धरून, नेमके माप कापावे. कापडाचा उभा धागा चौकोनाच्या बाजूला समांतर असू द्यावा. तिरपे कापलेले कापड रिंगमध्ये (भरतकामासाठी कापड ताणून धरणाऱ्या गोल चौकटीत) ताणले की आकार सोडते.

सुती कापड मात्र धुऊनच घ्यावे. कोरे कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर आटू शकते, आणि भरतकामानंतर ते आटले तर दोरा त्याच प्रमाणात आटत नसल्यामुळे टाक्यांभोवती ज्या चुण्या पडतात, त्या इस्त्रीनेही जात नाहीत. धुण्याने खळही निघते आणि सुई सहज चालते. गडद कापडाचा कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून रंग लागतो का ते पाहावे. लाल दोऱ्याचीही हीच परीक्षा घ्यावी. ती बहुधा राहून जाते.

मागचे दोरे दिसू नयेत यासाठी धुतलेली पातळ मलमल उलट बाजूला टाचून दोन्ही थरांतून टाके घालावेत. त्यामुळे रजई शिवताना सुईला एक थर जास्त पार करावा लागतो, म्हणून नक्षीबाहेरची मलमल शेवटी कापून टाकणे मला सोयीचे वाटते.

कापडाला इस्त्री नेहमी त्यावर पेनाने नक्षी काढण्यापूर्वी करावी. पाण्याने जाणाऱ्या पेनाची रेघ धुण्याआधी तापली तर पक्की होऊ शकते, आणि उष्णतेने पुसली जाणारी शाई थंडीत पुन्हा उमटू शकते. त्यामुळे उष्णतेने पुसल्या जाणाऱ्या शाईचे पेन मी रजईसाठी सुचवणार नाही. काम थांबवताना रिंग काढून ठेवावी आणि शेवटची इस्त्री जाड टॉवेलवर नक्षी पालथी ठेवून करावी, म्हणजे टाके चपटे होत नाहीत.