दाराआड जाऊन उभा राहतो, तेव्हा

प्रश्न : माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. आम्ही देवगडजवळच्या गावात राहतो. जूनपासून त्याला खासगी बालवाडीत घालायचं ठरवलंय, पण तिथल्या बाई म्हणतात, डायपर चालणार नाही. सासूबाईंचं म्हणणं, 'आमची पोरं वर्षाची व्हायच्या आत सांगायला लागली, डायपरनेच सगळी सवय मोडली.' डायपर काढून बघितला तर दिवस लादी पुसण्यात जातो. शू झाल्यावर सांगतो, आधी नाही. शी मात्र माजघराच्या दाराआड जाऊन उभ्याने करतो, कुणी बघितलं तर चिडतो. रात्री डायपर ओलाचिंब. तो तयार झालाय की नाही, हे ओळखायचं कसं?
– एक आई, देवगड तालुका

उत्तर : तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेलं दाराआडचं वाक्य मला तुमच्या पत्रात सगळ्यात मोलाचं वाटलं. आडोसा शोधणाऱ्या मुलाला शी येणार हे आधी कळतं, आणि आडोशापर्यंत जाईस्तोवर ती धरताही येते. मुळात या दोनच गोष्टी लागतात. तेव्हा शीच्या बाबतीत तुमचा लेक तयार दिसतोय. फक्त एक बघून घ्या. तो दाराआड टाचा उचलून पाय घट्ट आवळतो का, लालबुंद होतो का, आणि शी खड्यासारखी कडक होते का? तसं असेल तर तो शी करत नाहीये, दुखतं म्हणून दाबून धरतोय. मग आधी बद्धकोष्ठावर डॉक्टरांकडून उपचार घ्या, पॉटीचं नंतर बघू. बाटलीने दिवसभर दूध चालू असेल तर ते अर्ध्या लिटरच्या आत आणा. पोटात भाजी, फळं, डाळी जायला जागा होईल.

शूचं अजून थोडं बाकी आहे, आणि त्यात वावगं काही नाही. बहुतेक मुलांना शी आधी जमते, मग दिवसाची शू, रात्रीची सगळ्यात शेवटी. दिवसा चड्डी दीड-दोन तास कोरडी राहते का, ते बघा. राहत असेल तर मूत्राशय लघवी साठवायला लागलं. आणि शू होण्याआधीचा क्षण हेरा. खळ्यात खेळता खेळता पोर एकदम गप्प होतं, मातीने भरलेली करवंटी हातात तशीच राहते, गुडघे जवळ येतात, नाहीतर चड्डी पुढून मुठीत धरली जाते. त्या वेळी 'शू आली का?' असं विचारू नका, उत्तर 'नाही'च येणार. 'चल, शू करून येऊ' म्हणा आणि हात धरून न्या. शू झाल्यावर येऊन सांगतो, तीही एक पायरीच आहे. त्याला रागावलात तर तो सांगायचंच बंद करेल.

उकिडवं बसून उठता येणं, चड्डी स्वतः खाली ओढता येणं, 'ही वाटी आजीला नेऊन दे' एवढं समजणं, हे सगळं साधारण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान जुळतं. चड्डी इलॅस्टिकची घाला. बटणं, चेन नकोत.

सासूबाई खोटं बोलत नाहीत. पूर्वी घरातलं मोठं माणूस मुलाला आपल्या दोन्ही पावलांवर बसवून 'शूऽऽ' असा आवाज काढायचं. वेळ मोठ्यांनी सांभाळलेली असायची, मुलाला सवय लागायची. शिवाय सुती लंगोट भिजला की लगेच गार लागायचा. डायपरमधले कण ओल शोषून तिची जेली करतात, त्यामुळे भिजल्याचं मुलाला फारसं जाणवतच नाही. म्हणून दिवसा घरात सुती चड्डीच असू द्या. आणि खरं सांगू का, हे काम सासूबाईंकडेच सोपवा. जेवण पोटात गेलं की आतडी हलायला लागतात, तेव्हा जेवणानंतर वीस-तीस मिनिटांनी आजीने त्याला पॉटीवर बसवायचं, गोष्ट सांगायची आणि पाच मिनिटांत उठवायचं, झाली तरी आणि नाही झाली तरी.

आपल्याकडे संडास बहुधा मागच्या दारी, अंधारा; भोक बघूनच मुलं घाबरतात. तुमच्या मुलाने जागा निवडलीच आहे, तर छोटी पॉटी तिथेच, दाराआड ठेवा. त्याचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत, लोंबकळत्या पायांनी जोर लावता येत नाही.

पावसात दोरीवरच्या चड्ड्या वाळत नाहीत, म्हणून जून लागला की आपल्या भागात डायपर परत चढतो. त्या दृष्टीने मे महिना सोयीचा खरा, पण पाऊस येतोय म्हणून मुलामागे लागू नका. तो पॉटीला बघून रडायला लागला तर सरळ डायपर घाला आणि महिन्याभराने पुन्हा बघा. गणपतीत घर माणसांनी भरलं की जमलेलंही विस्कटतं. चाकरमान्यांच्या देखत 'एवढा घोडा झाला तरी' असं कुणालाही बोलू देऊ नका. मला याची फार चीड आहे. त्या वयातही लाज कळते, आणि लाजलेलं मूल शी दाबून धरायला शिकतं.

रात्रीचा डायपर राहू द्या. झोपेत लघवी कमी तयार करणाऱ्या संप्रेरकाचं चक्र बसायला वेळ लागतो, त्यात शिकवण्यासारखं काही नाही. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं हा आजार नव्हे. मात्र लघवीची धार बारीक असेल, सतत थेंब थेंब गळत असेल, लघवी करताना तो रडत असेल, किंवा कोरडा राहायला लागलेला मुलगा अचानक पुन्हा भिजवू लागला आणि पाणीही खूप पिऊ लागला, तर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

राहिली बालवाडी. बाईंना एकदा भेटा, पिशवीत दोन जादा चड्ड्या द्या, गेल्या गेल्या आणि खाऊच्या वेळी त्याला शूला न्यायची विनंती करा. तयार नसतील तर दिवाळीनंतर घाला, नाहीतर पुढच्या वर्षी. सरकारी अंगणवाडीतही शालापूर्व शिक्षण तिसऱ्या वर्षानंतरच सुरू होतं.