सवलत मागा, पण आधी ऑटोपे बंद करा

प्रश्न : वय ३६. घरी शिवणकाम करते, महिन्याला आठ-नऊ हजार सुटतात. यजमान कंत्राटी कामावर, पगार मागेपुढे होतो. दीड वर्षापूर्वी शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या एका ऑनलाइन गटाची सभासद झाले. महिन्याला ३९९ अधिक जीएसटी, ते खात्यातून आपोआप कापले जातात. रविवारी वर्ग असतो, एरवी प्रश्नोत्तरं. शिकले, पण त्याहून जास्त म्हणजे बोलायला माणसं मिळाली. या महिन्यात फी कापली गेली आणि मुलाच्या रिक्षाचे पैसे द्यायला उसने घ्यावे लागले. सासूबाई म्हणाल्या, गप्पा मारायला पैसे मोजतेस. सवलत मागायची लाज वाटते. गट सोडून देऊ का?

उत्तर : ताई, गट सोडायचा की नाही हे दोन दिवसांनी ठरवा. आपोआप होणारी वसुली मात्र आजच बंद करा. ज्या घरात पैसा ठरल्या तारखेला येत नाही, तिथून तो ठरल्या तारखेला जाऊ देऊ नये. फी भरायचीच असेल तर दर महिन्याला स्वतःच्या हाताने भरा.

तुम्ही यूपीआयने भरत असाल तर त्या अ‍ॅपात प्रोफाइलमध्ये जा. तिथे ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ (पैसे आपोआप कापायला तुम्ही दिलेली परवानगी) असं काहीतरी दिसेल. गटाच्या नावाचं मँडेट उघडून आधी त्यातली कमाल रक्कम आणि शेवटची तारीख वाचा. कमाल रक्कम पुष्कळदा फीपेक्षा बरीच मोठी लिहिलेली असते, म्हणजे उद्या फी वाढली तरी जुन्याच परवानगीवर पैसे जाऊ शकतात. मग ते रद्द करा. त्यासाठी तुमचा पिन विचारला जाईल, तो तुमच्याच अ‍ॅपात घालायचा. ‘आम्ही बंद करून देतो’ म्हणून कुणाचा फोन आला, तर त्याला पिन किंवा ओटीपी सांगायचा नाही आणि स्क्रीनही दाखवायची नाही. फी प्ले स्टोअरमधून जात असेल, तर तिथल्या ‘सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन रद्द करावं लागतं. नुसतं अ‍ॅप काढून टाकलं तर वसुली चालूच राहते, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. रद्द केल्यावर भरलेला महिना सहसा संपेपर्यंत वापरता येतो, त्यामुळे तारखेची वाट बघत बसू नका.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा वसुलीआधी किमान २४ तास सूचना यायला हवी. १५,००० रुपयांपर्यंतच्या वसुलीला दरवेळी ओटीपी लागत नाही, म्हणून तो एक संदेश नजरेतून सुटला की पैसे गेलेच. खात्यात शिल्लक नसेल तर वसुलीचा प्रयत्न पुन्हा होऊ शकतो, आणि काही बँका फसलेल्या वसुलीवर वेगळा आकारही लावतात.

आता हिशेब. ३९९ वर १८ टक्के जीएसटी धरला की ४७१ होतात, वर्षाचे सुमारे ५,६५०. गटाकडून बिल मागा. जीएसटी घेत असतील तर बिलावर १५ अक्षर-अंकांचा जीएसटी क्रमांक असलाच पाहिजे. नोंदणी नसताना जीएसटीच्या नावाने पैसे घेता येत नाहीत. क्रमांक खरा आहे का, हे जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. ‘वर्षाचे एकदम भरा, स्वस्त पडेल’ असं सांगतील. स्वस्त पडतंही, पण तुमच्या परिस्थितीत ते घेऊ नका. चौथ्या महिन्यात अडचण आली तर उरलेले पैसे परत मिळण्याची शाश्वती नसते.

या ४७१ रुपयांत तुम्ही दोन गोष्टी घेता, शिक्षण आणि सोबत. शिक्षणाचं मोजता येतं. गेल्या तीन महिन्यांत गटात शिकलेल्या कोणत्या कामाचे जास्त पैसे मिळाले, ते वहीत लिहा. साध्या ब्लाऊजऐवजी प्रिन्सेस कट किंवा कटोरी शिवून दर वाढला असेल, काखेत ओढणारी बाही सुधारून गिऱ्हाईक टिकलं असेल, तर तेही धरा. तीन महिन्यांत काहीच लिहिता आलं नाही, तर वर्गात आता तुमच्यासाठी नवं उरलेलं नाही. दीड वर्षानंतर असं होतंच.

सोबत मोजता येत नाही, पण ती चैन नव्हे. दिवसभर मशीनपाशी एकटं बसणाऱ्या बाईला आपल्या कामातलं कळणारं माणूस लागतं. सासूबाईंना एवढंच सांगा की ऑटोपे बंद केलं आहे आणि फी आता तुमच्या शिवणाच्या पैशांतूनच जाईल. यजमानांना खरा आकडा सांगून टाका.

आणि सवलत मागाच. आधीच चालू असलेल्या गटात आणखी एका सभासदाचा वेगळा खर्च फारसा येत नाही. उत्तरं देणाऱ्या जुन्या बायका टिकल्या तर गट जिवंत राहतो, हे चालवणाऱ्यांना ठाऊक असतं. गटात सर्वांसमोर लिहू नका, चालवणाऱ्या ताईंना खासगी संदेश पाठवा. घरची रडकथा नको. रक्कम, मुदत आणि तारीख लिहा :

‘नमस्कार ताई, मी दीड वर्षापासून सभासद आहे. पुढचे तीन महिने मला महिना १५० रुपये देता येतील. नव्या सभासदांच्या मापांच्या प्रश्नांना मी आठवड्यातून दोन तास उत्तरं देऊ शकेन. जमेल का, ते २५ तारखेपर्यंत कळवाल का?’

तास लिहाच, नाहीतर एवढ्याशा सवलतीसाठी रोजची राबणूक मागे लागेल. ‘पाच जणी आणा, तुमची फी माफ’ असं उत्तर आलं तर सरळ नाही म्हणा. ओळखीच्या बायकांच्या खिशातून तुमची फी काढायची, असा त्याचा अर्थ होतो. नकार आला तर तो त्यांच्या हिशेबाचा असतो, तो मनाला लावून घेऊ नका.

तो नकार येण्याआधीच, ज्या चार-पाच जणींशी तुमचं खरं जमतं त्यांचे फोन नंबर त्यांना विचारून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आपला छोटा गट करा. त्यात गटाचे पैसे देऊन मिळणारे व्हिडिओ टाकू नका, बाकी काहीही बोला. मग फी हवी तेव्हाच भरा. लग्नसराईत हातात पैसा असतो पण वर्गाला बसायला वेळ नसतो, आषाढात आणि पितृपंधरवड्यात उलटं होतं. म्हणून सराईत आठवड्याला १२० रुपये वेगळ्या डब्यात टाकत जा आणि मंदीच्या दोन-तीन महिन्यांत त्यातून सभासदत्व घ्या.

मँडेट रद्द केल्याच्या संदेशाचा स्क्रीनशॉट ठेवा आणि पुढच्या महिन्यात वसुलीच्या तारखेला पासबुक बघा. तरीही पैसे कापले गेले, तर आधी बँकेत लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्या. गटवाले सभासदत्व बंदच करू देत नसतील, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर फोन करा. बाहेर पडणं मुद्दाम अवघड करणं ही केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अनुचित प्रथा आहे, हे तिथे सांगा.